वाटणीचं कलम

कुठलाही करार हातात आला की मी आधी वाटणीचं कलम शोधते. सुरुवातीला दोन्ही पक्ष एकमेकांचे परममित्र असतात, शेवटी सह्या-शिक्के असतात. माल कुणाचा आणि नुकसान कुणाचं हे मधेच कुठेतरी दडवलेलं असतं. कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात नोकरी केल्यामुळे लागलेली ही खोड. निवृत्तीनंतर इतिहास वाचायला घेतला तरी ती काही सुटली नाही. त्यामुळे तुळाजी आंग्र्यांच्या, म्हणजे कान्होजींच्या मुलाच्या आणि विजयदुर्गच्या आरमाराच्या धन्याच्या प्रकरणात लोक जो प्रश्न पहिला विचारतात, म्हणजे इंग्रजांना हाताशी धरून मराठ्यांचं आरमार पेशव्यांनी स्वतःच्या हाताने बुडवलं का, त्याच्यापाशी मी जरा उशिराच पोचले. आधी १९ मार्च १७५५ चा तह वाचला.

एका बाजूला मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बौर्शियर, दुसऱ्या बाजूला नानासाहेब पेशव्यांच्या वतीने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर. काम एकच, तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त. समुद्रावरचं नेतृत्व इंग्रजांकडे, पण मोहीम दोघांच्या संमतीने चालवायची. पकडलेली जहाजं निम्मी निम्मी. किल्ल्यांतल्या तोफा आणि सामानसुमान पेशव्यांचं. आणि इंग्रजांना कायमचं काय मिळणार? सावित्रीच्या मुखाशी असलेलं बाणकोट, तिथल्या हिम्मतगडासकट, खाडीवरचा अंमल आणि पाच गावं.

वाचता वाचता मी दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली. पहिली सहीच्या जागी. सही ईस्ट इंडिया कंपनीची आहे, इंग्लंडच्या राजाची नाही. दुसरी जहाजांच्या कलमाखाली. जहाजं हाती लागली तर अर्धी इंग्रजांची. पण ती हाती लागण्याआधीच जळून गेली तर इंग्रजांच्या पदरात काय? किल्ल्यातला माल तर पेशव्यांच्या नावावर लिहिलेला. पुढचं सगळं भांडण या दोन रेघांमधून निघालं.

मोहिमेचं कारण म्हणून इंग्रजी कागदांत एकच गोष्ट येते, ती म्हणजे तुळाजी चाचा आहे. त्याच्या आधी त्याचे भाऊ चाचे, आणि त्यांच्याही आधी बाप चाचा. आता बाप म्हणजे कान्होजी आंग्रे. मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं, तेव्हा सरखेलीबरोबर किनाऱ्यावरचे किल्लेही त्यांच्याकडे राहिले. म्हणजे माणूस राज्याचा नेमलेला अधिकारी, आणि अधिकाऱ्याचं काम करणारा. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, पैसे भरावेत. दस्तक नसेल तर जहाज धरून आणलं जाईल. पोर्तुगीज हेच काम दोनशे वर्षं कार्ताझच्या नावाने करत होते. मुंबईकर इंग्रजही आपल्या आसऱ्याला असलेल्या व्यापाऱ्यांना पास देत. कंपनीचा आग्रह एवढाच होता की आमच्या जहाजांना आणि आमचा पास असलेल्या कुणालाही आंग्र्यांचं दस्तक लागू नये. एकाच पेटीवर दोन खात्यांनी शुल्क मागितलं की काय होतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. तिथे कुणी कुणाला दरोडेखोर म्हणत नाही, कारण दोन्ही खात्यांच्या वर एकच सरकार असतं. अठराव्या शतकातल्या समुद्रावर तसं कुणी नव्हतं.

स्वतः कान्होजींना या आरोपाचं फारसं काही वाटत नसावं. मुंबईचा गव्हर्नर फिप्स याला त्यांनी १७२४ च्या सुमारास पाठवलेलं उत्तर इंग्रजी भाषांतरात उपलब्ध आहे. त्याचा मथितार्थ असा की दुसऱ्याचं ते आपलं व्हावं ही हाव व्यापाऱ्यांनाही चुकलेली नाही, जगाची रीतच तशी आहे, आणि कंपनीचं राज्य तरी जबरदस्तीशिवाय कुठे चालतं? मला या पत्रातला सूर फार आवडतो. उगाच साळसूदपणा नाही. तुम्ही तेच करता, आम्हीही तेच करतो, आता दराचं बोलू या.

दराचं बोलणं काही जमलं नाही. गव्हर्नर बूनने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आरमार पाठवलं, पुढच्या वर्षी खांदेरीवर. १७२१ मध्ये कमोडोर मॅथ्यूज आणि पोर्तुगीज असे मिळून कुलाब्यावर गेले. सगळ्या मोहिमा फसल्या. १७२९ मध्ये कान्होजी वारले, मुलांत फूट पडली, तरी दक्षिणेकडचं आंग्र्यांचं आरमार वाढतच राहिलं. १७३५ च्या अखेरीस संभाजी आंग्र्यांनी कंपनीचं डर्बी हे मोठं जहाज धरलं. तुळाजींनी १७४९ मध्ये रेस्टोरेशन धरलं आणि १७५४ मध्ये तर तीन डच जहाजांशी एकदम भिडून दोन जाळली, तिसरं ओढून नेलं. मुंबईच्या गोऱ्या व्यापाऱ्यांची झोप उडाली असणार यात शंका नाही.

पण चाचेगिरीच्या आरोपात एक भोक आहे, आणि ते अलिबागला आहे. कुलाब्याला तुळाजींचेच भाऊ मानाजी आंग्रे होते. घराणं तेच, दस्तकाचा हक्क तोच आणि जागा मुंबईच्या तोंडावरच. दक्षिणेतल्या तुळाजींपेक्षा मुंबईला जवळचा धोका कुणाचा असेल तर यांचा. पण मानाजी पेशव्यांच्या बाजूला होते, म्हणून १७५५ च्या मोहिमेत त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. म्हणजे कोण चाचा आणि कोण नाही हे समुद्रावरच्या वागण्यावरून ठरत नव्हतं. पुण्याशी कुणाचं जमतं यावरून ठरत होतं.

तुळाजींचं पुण्याशी अजिबात जमत नव्हतं. शाहू महाराज १७४९ मध्ये गेल्यावर पेशव्यांचा हुकूम आपण का मानावा, हा त्यांचा सवाल होता. कान्होजींना सरखेली छत्रपतींनी दिली होती, पेशव्यांनी नव्हे. सवाल बिनतोड आहे, पण तुळाजींची उत्तर द्यायची पद्धत भयंकर होती. पेशव्यांच्या कारकुनांची नाकं कापून परत पाठवली असं इंग्रज इतिहासकार ग्रँट डफने लिहिलंय. कोकणातल्या रयतेलाही त्यांचा जाच होता. आंग्रे म्हटलं की आपल्याकडे ऊर भरून येतो, माझाही येतो. पण तुळाजींच्या मुलखात राहून पेशव्यांच्या माणसाला जेवायला घालायची छाती माझ्यात नसती.

तह झाल्यावर तीनच दिवसांनी कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्याकडे प्रोटेक्टर हे ४४ तोफांचं जहाज आणि बरोबर काही लहान जहाजं होती. वरिष्ठांचा हुकूम नाकेबंदीचा होता, हल्ल्याचा नव्हता. वाटेत मराठ्यांच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतांचा तांडा त्याला मिळाला, पण त्यांच्या सावकाशीला तो फार वैतागला. शेवटी त्याने हुकूम बाजूला ठेवला आणि एप्रिलच्या सुरुवातीला हर्णैसमोर सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. किल्ल्यातल्या दारूच्या कोठाराने पेट घेतला, आणि ज्या किल्ल्याला मुंबईकर वर्षानुवर्षं भीत होते तो काही दिवसांत पडला. किनाऱ्यावरचे जोडकिल्लेही गेले. ८ एप्रिलला बाणकोट कसलाही प्रतिकार न करता स्वाधीन झालं. मग पावसाळा आला. अरबी समुद्रात जूननंतर लढाई करायला कुणीच जात नाही, त्यामुळे सगळं थांबलं.

या जेम्सचं पुढे फार बरं झालं. इंग्लंडला परतून त्याने मोठी जमीन घेतली, कंपनीचा अध्यक्ष झाला, बॅरोनेट झाला. तो १७८३ मध्ये मेल्यावर त्याच्या बायकोने लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ तिकोनी बुरूज बांधला. ६३ फूट उंच, कोपऱ्यांवर मनोरे. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपलं सुवर्णदुर्गच, इंग्रजी तोंडात बसवलेलं. बुरूज अजून उभा आहे. मी तो फोटोतच पाहिलाय. हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाला जमलेल्या किती जणांना माहीत असेल की समोरच्या बेटाच्या नावाची एक इमारत लंडनमध्ये आहे?

आता मुख्य किल्ला उरला होता. विजयदुर्ग. इंग्रज त्याला शेजारच्या गिर्ये गावावरून घेरिया म्हणत. १७५५ चा पावसाळा संपता संपता मुंबईत अशी काही माणसं येऊन थांबली होती ज्यांना नेमकं काही काम उरलं नव्हतं. त्यातला एक रॉबर्ट क्लाइव्ह. मराठ्यांच्या मदतीने दख्खनमध्ये फ्रेंचांचा, म्हणजे बुसीचा, काटा काढायचा या बेताने तो विलायतेहून फौज घेऊन आला होता. पण कर्नाटकात इंग्रज-फ्रेंच तहकुबी झालेली, त्यामुळे मुंबईकरांनी त्या बेतातून अंग काढून घेतलं. दुसरा ॲडमिरल चार्ल्स वॉटसन, इंग्लंडच्या राजाचं आरमार घेऊन नोव्हेंबरमध्ये आलेला. फौज आहे, जहाजं आहेत, शत्रू मात्र नाही. डिसेंबरात जेम्सला विजयदुर्ग पाहून यायला पाठवलं. त्याने कळवलं की इतकी वर्षं ज्याचा बाऊ केला तो किल्ला ना तेवढा उंच आहे, ना तेवढा बळकट.

निघायच्या आधी मुंबईत एक बैठक झाली. या सगळ्या प्रकरणात ती मला सर्वात जास्त बोलकी वाटते. विषय होता, लूट कशी वाटायची. किल्ला अजून शंभराहून अधिक मैल लांब, एकही तोफ डागलेली नाही, आणि टेबलाभोवती हिस्से ठरतायत. आरमारी अधिकाऱ्यांचं म्हणणं, क्लाइव्हचा वाटा जहाजाच्या कप्तानाएवढा. लष्करी अधिकाऱ्यांचं म्हणणं, तो फौजेचा सेनापती, त्याला रिअर ॲडमिरल पोकॉकएवढा वाटा हवा. आरमारवाले हटेनात. शेवटी वॉटसनने सांगितलं की जो फरक पडेल तो मी माझ्या वाट्यातून भरून देईन. पुढे त्याने पैसे खरंच देऊ केले आणि क्लाइव्हने ते नाकारले, असं इंग्रज लेखक मोठ्या कौतुकाने सांगतात. असेल. मला कौतुकापेक्षा दुसरंच दिसतं. त्या टेबलावर पेशव्यांचा माणूस नव्हता. किल्ल्यातलं सामानसुमान ज्याच्या नावावर लिहून दिलं होतं तो पक्षकारच हजर नाही, आणि त्या मालाची वाटणी आण्यापैपर्यंत ठरतेय.

७ फेब्रुवारी १७५६ ला आरमार मुंबईहून निघालं. केंट ७० तोफांचं, कंबरलँड ६६, टायगर ६०, सॅलिसबरी ५०, शिवाय ब्रिजवॉटर, किंगफिशर, आणि कंपनीचं प्रोटेक्टर. एवढी मोठी लढाऊ जहाजं या किनाऱ्यावर कुणी एकत्र पाहिलेली नव्हती. जमिनीवरून खंडोजी माणकर आणि रामाजी महादेव पेशव्यांची फौज घेऊन किल्ल्याजवळ आलेच होते. तुळाजींनी अंदाज बांधला आणि किल्ला नातेवाइकाच्या हवाली करून स्वतः मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले. त्यांची अटकळ चुकीची नव्हती. शेवटी भांडण घरातलं होतं, काहीतरी देऊनघेऊन मिटलं असतं. नेमकी हीच भीती वॉटसन आणि क्लाइव्हला होती. किल्ला बोलण्यांतून पेशव्यांकडे गेला तर लढाई नाही, आणि लढाई नाही तर लूट नाही.

१२ फेब्रुवारीला दुपारी वॉटसनची जहाजं दोन रांगांत वाघोटनच्या खाडीत शिरली. इथे एक सांगायला हवं. माझं माहेर देवगड तालुक्यातलं, त्यामुळे विजयदुर्गाला पावण्यांना घेऊन जाणं हे मे महिन्यातलं ठरलेलं काम. तिथे हटकून पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट ऐकायला मिळते. शत्रूची जहाजं त्या भिंतीवर आपटून फुटायची वगैरे. पाण्याखाली बांधकाम आहे हे गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनीही पाहिलंय, ते खोटं नाही. पण ज्या दिवशी तिची खरी गरज होती त्या दिवशी ७० तोफांचं केंट खाडीत जाऊन किल्ल्यासमोर नांगरून उभं राहिलं, हे गोष्ट सांगणारे सांगत नाहीत. मीही पावण्यांपुढे सांगत नाही.

तोफांचा भडिमार सुरू झाल्यावर थोड्याच वेळात एक गोळा रेस्टोरेशनवर पडला. तुळाजींनी इंग्रजांकडून धरून आणलेलं तेच जहाज. ते पेटलं, आणि तटाखाली एकमेकांना खेटून बांधलेल्या गुराबा, गलबतं, सगळं त्याच्याबरोबर गेलं. ७४ तोफांसाठी बांधलेलं मोठं जहाज गेलं, धक्क्यावर अर्धवट बांधून पडलेली गेली. कान्होजींपासून उभं केलेलं दक्षिणेतलं आरमार एका संध्याकाळी संपलं. रात्री क्लाइव्ह फौज घेऊन उतरला, आणि कुठे उतरला तर किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधे. तोंड किल्ल्याकडे, पाठ मित्रांकडे, आणि खरी नजर पाठीमागे. १३ तारखेला संध्याकाळी किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. मराठ्यांनी आत शिरायचा प्रयत्न केला तेव्हा दारावरच्या इंग्रज अधिकाऱ्याने तलवार उपसली, असं त्यांचेच वृत्तांत सांगतात. आम्हाला लाच देऊ केली होती, हाही त्यांचा आरोप. तहातला भागीदार दाराबाहेर उभा, आणि आत माल मोजणं चालू.

माल किती? तोफा दोनशेच्या वर, सहा पितळी उखळी तोफा, दारूगोळा, आणि रोख व जिन्नस मिळून दहा लाख रुपयांच्या घरात. आता तह पुन्हा वाचा. जहाजांतली निम्मी इंग्रजांची, ती सगळी जळाली, त्यांच्याच गोळ्याने. किल्ल्यातलं सामान पेशव्यांचं, ते सगळं इंग्रजांनी घेतलं. मुंबईच्या बैठकीत ठरलेल्या प्रमाणात रक्कम अधिकाऱ्यांत आणि शिपायांत वाटली गेली. कंपनीलाही त्यातला रुपया मिळाला नाही, इंग्लंडच्या खजिन्यालाही नाही. ज्यांनी जिंकलं त्यांचा माल, हा राजाच्या आरमाराचा रिवाज. पेन्सिलीची पहिली रेघ इथे कामाला आली. तहावर सही कंपनीची आणि किल्ला घेणारा ॲडमिरल राजाचा.

वॉटसनबरोबरचा सर्जन एडवर्ड आइव्ह्ज याने एक प्रसंग लिहून ठेवलाय. किल्ल्यात तुळाजींची आई, बायका, मुलं सापडली. वॉटसन त्यांना भेटायला गेला तेव्हा आई म्हणाली की आता लोकांना राजा नाही, मला मुलगा नाही, या मुलींना नवरा नाही, पोरांना बाप नाही. मीच तुमचा बाप आणि मित्र होईन, असं वॉटसन म्हणाला, आणि सहा वर्षांच्या मुलाने त्याचा हात धरून रडत रडत तू माझा बाप असं म्हटलं. ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आलं असेलही. बाप मात्र जिवंत होता, थोड्याच अंतरावर मराठ्यांच्या छावणीत. इंग्रजांनी त्याला आमच्या हवाली करा म्हणून मागणी केली, ती पेशव्यांनी मान्य केली नाही. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या किल्ल्यांवर कैदेत गेलं.

मग पत्रापत्री सुरू झाली. नानासाहेब तेव्हा सावनूरच्या स्वारीवर गुंतलेले. किल्ला ताबडतोब द्या, तह पाळा, असा त्यांचा तगादा. मुंबईकरांची उत्तरं मी आमच्या धंद्यातल्या पत्रव्यवहारासारखीच वाचली, कारण त्यांतली प्रत्येक सबब ओळखीची होती. तुमच्या लोकांनी मदतच केली नाही. तुम्ही आमच्या पाठीमागे तुळाजींशी बोलणी करत होतात. तुळाजी आधी आमच्या ताब्यात द्या. आणि शेवटी खरं पोटातलं ओठावर आलं: बाणकोट परत घ्या आणि विजयदुर्ग आम्हाला ठेवा. खोल खाडी, गोदीची सोय, वर तयार किल्ला. कुणाला मोह पडणार नाही? नानासाहेब या एका गोष्टीवर अजिबात ढळले नाहीत. किल्ला हवा म्हणजे हवा.

एप्रिलमध्ये वॉटसन मद्रासकडे निघून गेला आणि मुंबईकरांचं पाठबळ गेलं. पाऊस संपल्यावर कौन्सिलचे दोन सदस्य, थॉमस बायफेल्ड आणि जॉन स्पेन्सर, पुण्याला आले. १२ ऑक्टोबर १७५६ ला नवा तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना परत. इंग्रजांना बाणकोट आणि दासगाव धरून दहा गावं, म्हणजे आधीच्या दुप्पट. इंग्रजांच्या मालावर देशात जादा जकात नाही. तुळाजींना घाटाखाली पुन्हा कसलाही मुलूख द्यायचा नाही. आणि डचांना पेशव्यांच्या राज्यात व्यापाराची बंदी.

लुटीबद्दल काय? लूट कधीच वाटली गेली होती. ती परत आली नाही.

मराठीत या प्रकरणावर बोलणं निघालं की सगळा भर १२ फेब्रुवारीच्या आगीवर असतो. नानासाहेबांनी घरचं आरमार परक्याकडून जाळवलं, आणि समुद्र इंग्रजांना मोकळा करून दिला. राग खरा आहे, मलाही येतो. पण जळालेलं आरमार पुन्हा बांधता येतं, आणि ते बांधलंही गेलं. सागवान घाटात होतं, सुतार कोकणात होते, विजयदुर्ग परत मिळाला होता. माझ्या मते महागात पडलं ते ऑक्टोबरमधलं डचांचं कलम. आपल्या किनाऱ्यावर इंग्रजांना टक्कर देऊ शकेल अशी दर्यावर्दी सत्ता पेशव्यांनी, कुणी जबरदस्ती न करता, स्वतः सही करून बाहेर ठेवली. कान्होजींनी पोर्तुगीज, इंग्रज, सिद्दी यांना एकमेकांपासून तोडून खेळवलं होतं. इथे एकाच पेढीशी व्यवहार करायचा असं लिहून दिलं. वीस वर्षांनी, १७७७ मध्ये, सेंट ल्युबिन नावाचा एकटा फ्रेंच वकील पुण्यात आला तर मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांची केवढी धांदल उडाली ते पाहिलं की दुसरा गिऱ्हाईक दारात असण्याची किंमत कळते. नाना फडणिसांना ती कळली होती. नानासाहेबांना १७५६ मध्ये किल्ला दिसत होता.

नानासाहेबांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की पुढे काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कुणालाच दिसत नव्हतं. पुण्यात सह्या झाल्या १२ ऑक्टोबरला. १६ ऑक्टोबरला वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासहून कलकत्त्याकडे निघाले. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता, २३ मार्चला चंद्रनगर, २३ जूनला प्लासी. चंद्रनगरच्या फ्रेंच किल्ल्यावर तोफा डागणारी जहाजं केंट, टायगर आणि सॅलिसबरी, म्हणजे तीच, वाघोटनच्या खाडीत शिरलेली. वॉटसन त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्याला तापाने गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्याच्या स्मारकावर तीन नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत पहिलं घेरिया.

बाणकोटच्या किल्ल्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं, व्हिक्टोरिया राणी जन्मायच्या कितीतरी आधी. विजयदुर्गावर पेशव्यांनी आपला आरमारी सुभा ठेवला, आणि पुढे धुळप तिथले सुभेदार झाले. ८ एप्रिल १७८३ ला आनंदराव धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीच्या बाजूला कंपनीचं रेंजर नावाचं जहाज गाठलं. त्यावर मोठे लष्करी अधिकारी होते. हातघाईची लढाई झाली, मेजर शॉ मारला गेला, कर्नल हंबरस्टन जखमी होऊन पुढे विजयदुर्गातच वारला. जहाज धरून किल्ल्याखाली आणलं. इंग्रज-मराठ्यांमधलं युद्ध मिटवणारा सालबाईचा तह झालेला होता, त्यामुळे इंग्रजांनी आकांत केला. पण या वेळी कुणी सुवर्णदुर्गाला तोफा लावल्या नाहीत, कुणी लुटीची बैठक भरवली नाही. पुण्याशी बोलणी झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस रेंजर मुंबईला परत पोचलं. विजयदुर्गाची खाडी तीच होती, गलबतं तशीच, खलाशीही बहुधा त्याच गावांतले. फरक इतकाच की आनंदरावांच्या मागे नाना फडणीस उभे होते, आणि तुळाजींच्या मागे १७५५ मध्ये कुणीच नव्हतं.